पाण्याची शिट्टी

खोलीत खुर्च्या दहा होत्या, त्यांपैकी नऊंवर माणसं बसून गेली होती. छताला पंखे दोन, चालू एक. खिडक्या तीन, मधलीची काच तडकलेली. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे. खुर्च्यांच्या पायाशी चहाचे कप नऊ. आठ रिकामे, एक काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. छताच्या मधोमध पांढरी डबी एक, साबणाच्या वडीएवढी.

रुजुता तोडकरने हे सगळं वहीत लिहून खाली तारीख आणि वेळ टाकली. बैठक संपली की तिच्यासारख्या मापनिकाने खोली मोजायची, असा नियमच होता. डबीतून निघणाऱ्या लहरी माणसांच्या छातीवर आपटून परत येत. एखादी खुर्ची सरकली किंवा खिडकी उघडी राहिली तरी त्यांची वाट बदले. पण नियम नसता तरी रुजुताने मोजलंच असतं. एम.एस्सी.च्या परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात पडेपर्यंत ती हॉलमधल्या फरश्या मोजायची. मोजलं की मनातली धास्ती जरा ओसरायची.

आज ती ओसरली नाही. हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर आजचा अहवाल आला होता.

धारणांक : ३१. सलग तिसऱ्यांदा चाळिसाच्या खाली.

आणि त्याखाली नवी ओळ : सदस्य क्रमांक ७ वगळल्यास अपेक्षित धारणांक ८३. सदस्य-बदल सुचवण्यात येत आहे.

सात नंबरच्या खुर्चीच्या पायाशी तो भरलेला कप होता.

धारणांक आला तेव्हा, म्हणजे साधारण सहा वर्षांपूर्वी, तो खरोखरच मोठा शोध होता. माणसं एकत्र बसली की त्यांच्यात भेद निघणारच. प्रश्न असतो त्याचं पुढे काय होतं याचा. संशोधकांच्या लक्षात आलं, की एखाद्याने इतरांना न पटणारं काही म्हटलं, की कोणी तोंड उघडायच्या आधीच निम्म्याहून जास्त जणांचा श्वास एकाच वेळी अडखळतो. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. माणसाला स्वतःलाही ते कळत नाही, पण लहरींना कळतं. ही अडखळ म्हणजे एक भेद. मग डबी पुढची दीड मिनिटं कान देऊन ऐकते. त्या माणसाला कोणी उलट प्रश्न विचारला का? त्याचं बोलणं मध्येच तोडलं का? विषय बदलला, की फिरून त्याच गोष्टीवर आला? गटाने भेद धरून ठेवला की टाकून दिला, एवढंच ती ठरवते. शंभर भेदांपैकी किती धरले, तो धारणांक.

ज्या उपचारगटांचा धारणांक साठाच्या वर होता, त्यांतली माणसं लवकर सावरत होती. कामाच्या ठिकाणी तो जास्त असला की अपघात कमी होत होते. हे आकडे पक्के होते. रुजुताने ते स्वतः तपासले होते, आणि म्हणूनच तिने ही नोकरी धरली होती. पुढे सरकारने डब्या सगळीकडे बसवल्या. साठाच्या वर असेल तो गट चालू राहणार, चाळिसाच्या खालीच राहत गेला तर बंद. आणि एखादा माणूस वगळल्याने अंक पंधराहून जास्त वाढत असेल तर तो माणूस दुसऱ्या गटात जाणार. सूचनापत्रावर छापलेलं असे : 'माणूस चुकीचा नसतो, जागा चुकीची असते.'

हे पत्र हातात द्यायचं आणि सही घ्यायची, हेही मापनिकाचंच काम होतं.

मिरजेतल्या या समुपदेशन केंद्रात दर गुरुवारी चार वाजता जमणारी आठ माणसं कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यातली होती. दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात, भर दुपारी, तिथला बॉयलर फुटला होता. चार माणसं गेली. सात नंबरच्या खुर्चीवर बसायचे ते सिद्राम कोरे, वय छप्पन्न. त्या पाळीला बॉयलरवर तेच होते.

बॉयलरमधलं पाणी ठरावीक रेषेखाली गेलं की शिट्टी वाजते. वाजली की भट्टीत जाणारा बगॅस, म्हणजे उसाचा वाळका चोथा, तिथल्या तिथे थांबवायचा, बाकी सगळं नंतर. चौकशी अहवालात लिहिलं होतं, की शिट्टी बिघडलेली होती आणि ती वाजलीच नाही. सगळ्यांनी तसेच जबाब दिले होते. शिट्टी वाजली नाही म्हणजे कोणाकडून काही चुकलंही नाही. या निष्कर्षाने सर्वांना झोप लागू शकत होती, सिद्रामअण्णांनासुद्धा. पण दर गुरुवारी, साधारण साडेचारच्या सुमाराला, अण्णा खिडकीकडे बघत म्हणत, "शिट्टी वाजली हुती. मी ऐकली."

डबी अडखळ नोंदवी. मग इलाही मुल्ला, ज्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, मान हलवून म्हणे, की वाजली असती तर आपण पळालो नसतो का. आणि बॉयलरजवळ नवरा गमावलेली हौसाबाई माळी, जिला सगळे हौसाक्का म्हणत, पदर सारखा करून म्हणे, "चहा सांगा."

चहा आला की विषय गेला. डबीलाही आता 'चहा' हा शब्द ओळखीचा झाला होता.

अण्णा जिन्याच्या कठड्याला टेकून चपला घालत होते. रुजुताने पत्र पुढे केलं. त्यांनी ते लांब धरून, ओठ हलवत पुरतं वाचलं.

"सात नंबर माझा व्हय?"

ती हो म्हणाली.

"म्हंजे मी गेलो की ही मंडळी बरी हुत्यात."

तसं नाही, असं तिने घाईने सांगितलं. तासगावला दुसरा गट आहे, दर मंगळवारी बसतो, अपघातातून वाचलेलीच माणसं आहेत. त्यांची एसटी दरीत गेली होती. पुढचा गुरुवार इथला शेवटचा, मग तिकडे. हे वाक्य तिने आजवर सेहेचाळीस जणांना थोड्याफार फरकाने सांगितलं होतं. जिभेवर गुळगुळीत झालं होतं.

"त्यास्नी शिट्टीचं काय सांगू मी?" अण्णा म्हणाले. "ते म्हणतील, वाजली असंल काका. त्यांचं काय जातंय?" त्यांनी पत्राची घडी घातली. "पोरी, बरं व्हायचं म्हणून मी येत न्हाई हितं. त्या दिवशी जी माणसं कारखान्यावर हुती त्यातली सातच हितं येत्यात. त्यातल्या एकानं तरी म्हणावं, व्हय अण्णा, वाजली. न्हाईतर सगळ्यांनी मिळून तोंडावर म्हणावं, तू येडा हाइस. दोन्ही चालतंय मला. नुसता चहा नगं."

"म्हणून तुम्ही चहा घेत नाही?"

"चहा इषय संपल्यावर घेत्यात. माझा कुठं संपलाय."

त्यांनी सही केली, आडवी रेघसुद्धा नीट मारली, आणि दोन जिने हळूहळू उतरून गेले. पायऱ्या बावीस होत्या.

समुपदेशक वनिता शेडबाळे दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना काय वाटतं असं रुजुताने विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, की अण्णा राहिले तर अंक आणखी घसरेल आणि गटच बंद होईल. उरलेल्या सात जणांना मग कुठे पाठवायचं? "मला सातांचं बघावं लागतं गं," एवढं बोलून त्या आत गेल्या. आवाजात सुटकाही होती आणि सुटकेची लाजही.

सेहेचाळीस हा आकडा रुजुताच्या डोक्यातून जाईना. शुक्रवारी सकाळी कार्यालयात येऊन तिने त्या सेहेचाळीस गटांची नोंद उघडली. माणूस हलवल्यावर गटाचं काय झालं, हे आजवर तिने पाहिलं नव्हतं. तिच्याकडे फक्त अंदाज यायचा, निकाल वरच्या कार्यालयात जायचा.

एक्केचाळीस गटांचा धारणांक आता शंभर होता. अठ्ठ्याण्णव नाही, नव्व्याण्णव पूर्णांक तीन नाही. बरोबर शंभर.

प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी रुजुताला शिकवलं होतं, की मोजमापात सारखे सारखे पूर्णांक यायला लागले तर समजावं, मोजणं थांबलेलं आहे. तिने कच्च्या नोंदी काढल्या. भेद : शून्य. भेद : शून्य. पानामागून पान. दोन-दोन तास सात-आठ माणसं बोलत बसली होती आणि एकदाही कोणाचा श्वास अडखळला नव्हता. एकाला हलवलं, मग जो थोडाफार वेगळा बोलायचा तो आपणहून गप्प झाला. पुढचा नंबर आपला, हे माणसांना डबीच्याही आधी कळलं होतं. त्या गटांतल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या झोपेच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. आणि जी सेहेचाळीस माणसं हलवली, त्यांतली एकतीस तिसऱ्या बैठकीपासून कुठल्याच गटात आली नव्हती. त्यांच्या नावांपुढे नुसतं 'गैरहजर' होतं. गैरहजर म्हणजे कुठे, हा रकाना नव्हता.

पण भेद शून्य असतील तर धारणांक निघणारच कसा? शून्यापैकी शून्य धरले. शून्याला शून्याने भागायचं. त्याला उत्तर नसतं, ही शाळेतली गोष्ट. मग शंभर कुठून आले?

तिने संगणकाच्या आज्ञावलीतली ती ओळ शोधली. 'भेद शून्य असल्यास, अंक शंभर.' शेजारी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख : रु. तो., १४ जून.

तिला तो दिवस लख्ख आठवला. नोकरीचा दुसरा आठवडा. रकाना रिकामा राहिल्यामुळे पाच अहवाल वरून परत आले होते आणि तिचे वरिष्ठ जयदीप सर म्हणाले होते, काहीतरी भर त्यात, रिकामं जाता कामा नये. तिने दोन मिनिटं विचार केला होता. भेदच झाला नाही म्हणजे एकही टाकला गेला नाही. म्हणजे पैकीच्या पैकी. ओळ लिहून ती डबा खायला गेली होती. त्या डब्यात शेपूची भाजी होती, हेसुद्धा तिला आठवलं.

अडीच वर्षं. अकराशे चाळीस गट.

सोमवारच्या बैठकीत पाच जण होते : जयदीप सर, रुजुता आणि आणखी तिघं. छताला इथेही डबी होती. त्यांच्या गटाचा धारणांक अकरा आठवडे शंभर होता, त्याबद्दल दारावर प्रमाणपत्र लावलेलं होतं. चांगली माणसं होती. एकमेकांचे वाढदिवस लक्षात ठेवत, डब्यातलं वाटून खात. रुजुताने कागदावर सहा वाक्यं लिहून आणली होती, कारण न लिहिता बोललं तर आपण चौथ्या वाक्याला माफी मागू, हे तिला माहीत होतं.

तिने वाचलं. चूक माझी आहे, असंही वाचलं. शेवटी म्हणाली, की दुरुस्ती होईपर्यंत सदस्य-बदल थांबवायला हवेत. गुरुवारी मिरजेतला एक माणूस जातोय.

आणि तिला ते ऐकू आलं. म्हणजे ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच, पण खोलीतली हवा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापुरती थांबली, हे तिला शप्पथ घेऊन सांगता आलं असतं. शेजारचीने पेनाचं टोपण लावलं. जयदीप सर मनापासून हसले.

"मुद्दा छान आहे रुजुता. नोंदवून ठेव. चला, चहा मागवूया?"

नंतर कॉरिडॉरमध्ये त्यांनी तिला समजावलं. त्यांचा स्वर प्रेमाचाच होता. मार्चमध्ये योजनेचा आढावा आहे, त्यात बघू. आत्ता बोललो तर सगळी योजना झोपेल आणि ज्या गटांना खरंच फायदा होतोय तेही बुडतील. आणि चूक कुणाची म्हणून निघेल, याचाही तू विचार कर. ती विचार करतच होती. शुक्रवारपासून दुसरं काही करत नव्हती. ते सगळंच चुकीचं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

संध्याकाळी पाटीवर अहवाल आला. भेद : एक. धरलेले : शून्य. धारणांक : ०. सदस्य क्रमांक ४ वगळल्यास अपेक्षित धारणांक : १००.

चार नंबर तिचा होता.

मापनिकाजवळ एक लाल पट्टी असते, 'अंशशोधन बाकी' असं छापलेली, म्हणजे मापक पुन्हा तपासून जुळवायचा आहे. डबी चुकीचं मोजतेय अशी खात्री असेल तर तिच्यावर ती पट्टी बांधायची, कारण लिहायचं, सही करायची. एकवीस दिवस त्या डबीच्या सगळ्या सूचना स्थगित होतात आणि कारण थेट वरच्या कार्यालयात जातं. मधल्या कोणाला ते खोडता येत नाही. खोटी पट्टी बांधली तर नोकरी जाते. म्हणून ती कोणी बांधत नसे. रुजुताची पट्टी अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती.

गुरुवारी पावणेचारला ती स्टुलावर चढली. गाठ तिसऱ्या प्रयत्नात बसली. कारणाच्या रकान्यात तिने आधी चार ओळी लिहिल्या, मग त्या खोडून एक लिहिली : 'भेद नसणे याला मापक भेद धरणे समजतो. ही ओळ माझी आहे.'

डबी बंद असेल तर मापनिकाने खोलीत बसून हातानं मोजायचं, असाही नियम होता. तेव्हा ती घड्याळ आणि वही घेऊन दहाव्या खुर्चीवर बसली. वनिता मॅडमनी पट्टीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मंडळी आली. इलाहीने वर बघून विचारलं, हे लाल काय बांधलंय, नजर लागू नये म्हणून का? दोघंतिघं हसली. आज ही डबी मोजणार नाही, असं रुजुताने सांगितलं; तीन आठवडे अण्णाही कुठे जाणार नाहीत. अण्णांनी खिशातलं पत्र चाचपलं.

हवापाण्याच्या गप्पा झाल्या, कोणाच्या गुडघ्याची चौकशी झाली. चार वाजून एकतीस मिनिटांनी अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले, "शिट्टी वाजली हुती."

रुजुताने घड्याळाची कळ दाबली.

इलाहीने मान हलवली. हौसाक्काने पदर सारखा केला. "चहा सांगा," ती म्हणाली, आणि वनिता मॅडमनी सांगितला. दहा कप आले, वाफाळते. प्रत्येकाच्या पायाशी एक ठेवला गेला. आता विषय जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण अण्णा आज थांबले नाहीत. कदाचित पत्रामुळे, कदाचित डबी झाकलेली होती म्हणून. ते हळू आवाजात सांगत राहिले. त्या हंगामात ती शिट्टी नऊ वेळा उगाच वाजली होती. म्हणून त्यांनी बगॅस थांबवला नाही. आधी वर जाऊन काचेत पाणी किती दिसतं ते बघू म्हणाले. चाळीस सेकंद गेली. "खालून समद्यांनी माझ्याकडं बघितलं, आन् मी हात केला. काय न्हाई, चालू द्या. असा." त्यांनी हात वर करून दाखवला आणि तो तसाच राहिला. "त्यो हात एकानं बी बघितला न्हाई?"

रुजुता सेकंद मोजत होती. बावीस सेकंद. इलाही आपल्या भाजलेल्या हाताकडे बघत होता. चाळीस सेकंद. रुजुताला वाटलं, आता कोणीतरी कप उचलेल.

"अण्णा, हात खाली घ्या," हौसाक्का म्हणाली.

ते वळले.

"वाजली हुती." तिचा आवाज घोगरा झाला होता. "मी घरात हुते, कारखान्याच्या वसाहतीत. पोरीच्या दाखल्याचं बोलायला आमच्या मालकांना मीच फोन लावला हुता. फोनमधनं ऐकली. ते म्हणलं, ठेवतो गं, शिट्टी वाजतीया." ती थांबली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी म्हणलं, ती रोजचीच हाय. आधी माझं ऐका."

पंख्याचा आवाज येत होता.

"ऐकलं त्यांनी," ती म्हणाली.

इलाही पुटपुटला, आधी कोणाला कळलंच नाही, मग त्याने पुन्हा म्हटलं, "दोनदा वाजली, अण्णा. दोनदा." आणि मग एकेक जण बोलू लागला. कोणी रडलं, एक जण चिडून दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. वनिता मॅडमनी दोनच प्रश्न विचारले. रुजुता लिहीत होती. मध्ये एकदा पेन थांबलं, ते तिने पुन्हा चालू केलं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच वाजून गेल्यावर मंडळी उठली. जिन्यावर पावलं वाजत गेली. हौसाक्काचा हात धरून कोणीतरी तिला उतरवत होतं. कोण, ते रुजुताला दिसलं नाही. तिची पाटी पिशवीत सारखी थरथरत होती. कार्यालयातून सहा संदेश आले होते. ते तिने उघडले नाहीत. नियमाप्रमाणे आधी खोली मोजायची होती.

खुर्च्या दहा, माणसं दहा. पंखे दोन, चालू एक. भेद एक, उघडा राहिलेला वेळ एक्केचाळीस मिनिटं. कप दहा, भरलेले नऊ. रिकामा एक, सात नंबरच्या खुर्चीच्या पायाशी.